पहिल्या पानावर १४९६ आहे, म्हणून पुस्तक १४९६ चं का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. नोकरीनिमित्त इटलीत राहणाऱ्या एका मराठी गृहस्थांना रविवारच्या जुन्या बाजारात एक पातळसं पुस्तक दिसलं. आत सांगाड्याची चित्रं, नाव ‘चांगल्या मरणाची कला’ अशा अर्थाचं. छापखान्याचं नाव कुठेच नाही. विक्रेता म्हणतो की पुस्तक १४९६ चं आहे, पहिल्याच पानावर तसं छापलेलं आहे. मागतोय जवळजवळ एका महिन्याचा पगार. त्यांनी चार फोटो टाकलेत आणि तीन गोष्टी विचारल्यात. हे खरंच तेवढं जुनं आहे का? असलं भेसूर पुस्तक त्या काळी लोक पैसे देऊन घरी का आणायचे? आणि गावाकडून आई म्हणते, ते गरुडपुराणासारखं आहे, घरात ठेवायचं नसतं, तर तिला काय सांगू?

मी जुन्या छापील पुस्तकांच्या नोंदी करते. बावीस वर्षं झाली, त्यातली नऊ इटलीत गेली. पंधराव्या-सोळाव्या शतकातली ही छोटी धर्मपुस्तकं माझ्या हाताखालून बरीच गेली आहेत आणि माझा त्यांच्यावर जीव आहे, म्हणून उत्तर लांबणार. तुमचे प्रश्न तीन असले तरी मला त्यांच्या मुळाशी एकच गोष्ट दिसते. तुम्ही या पुस्तकाकडे वाचायची वस्तू म्हणून बघताय. ते होतं हाताशी ठेवून वापरायची वस्तू, घरातल्या समईसारखी किंवा औषधाच्या बटव्यासारखी. हे एकदा ध्यानात आलं की वय कसं ठरवायचं तेही कळतं आणि लोक ते का घ्यायचे तेही.

आधी वयाचं बघू. तुमच्या दुसऱ्या फोटोतलं चित्र मी लगेच ओळखलं. मधे मृत्यू उभा, त्याच्यासमोर एक तरुण, वर स्वर्ग, खाली नरक. चित्रातच बारीक अक्षरांत ‘ओ क्वा सू’, ‘ओ क्वा जू’ असं कोरलंय, म्हणजे ‘एक तर इथे वर, नाही तर इथे खाली’. हे फ्लॉरेन्सच्या जिरोलामो साव्होनारोलाच्या प्रवचनातलं चित्र आहे. साव्होनारोला मूळचा फेराराचा, डॉमिनिकन या कॅथलिक पंथाचा संन्यासी, सान मार्को मठाचा प्रमुख. १४९४ मध्ये शहरावर सत्ता असलेल्या मेदिची घराण्याला शहराबाहेर काढल्यानंतरची काही वर्षं सगळं फ्लॉरेन्स त्याच्या शब्दावर हलत होतं. १४९७ मध्ये पोपने त्याला बहिष्कृत केलं आणि २३ मे १४९८ ला फ्लॉरेन्सच्या भर चौकात त्याला फाशी देऊन जाळण्यात आलं.

आता पहिल्या पानावरची ओळ नीट वाचा. मराठीत ती साधारण अशी होते: ‘फेराराच्या पूज्य फ्रा जिरोलामो यांनी २ नोव्हेंबर १४९६ रोजी केलेलं, आणि ते बोलत असताना सेर लोरेन्झो व्हिओली यांनी त्यांच्या तोंडून टिपून घेतलेलं, चांगल्या मरणाच्या कलेवरचं प्रवचन.’ म्हणजे ती तारीख बोलण्याची आहे, छापण्याची नव्हे. आपल्याकडे वसंत व्याख्यानमालेतलं भाषण पुढे पुस्तिका म्हणून निघतं तेव्हा वर भाषणाची तारीख असते आणि पुस्तिका नंतर कितीही वेळा छापली तरी ती तारीख तशीच राहते. हे तसंच. २ नोव्हेंबर हा सर्व मृतात्म्यांच्या स्मरणाचा दिवस, प्रवचनाचा विषय त्याला धरूनच होता. व्हिओली पेशाने नोटरी, भराभर टिपून घेण्यात तरबेज, आणि साव्होनारोलाची कितीतरी प्रवचनं आज वाचता येतात ती त्याच्यामुळे. हे प्रवचन थोड्याच दिवसांत छापलं गेलं, लगेच पुन्हा छापलं गेलं, आणि १४९६ ही ओळ प्रत्येक वेळी सोबत गेली. तुमचा विक्रेता फसवतोय असं मी म्हणणार नाही. या ओळीने मलाही सुरुवातीच्या दिवसांत चकवलं होतं. एका प्रतीची नोंद मी बेधडक १४९६ अशी केली आणि माझ्या वरिष्ठ बाईंनी काही न बोलता ती प्रत माझ्यासमोर उघडून पहिली ओळ मोठ्याने वाचायला लावली.

तारखांची आणखी एक गंमत जाता जाता सांगते, कारण दुसरं एखादं पुस्तक घेताना ती उपयोगी पडेल. फ्लॉरेन्सचं वर्ष तेव्हा १ जानेवारीला सुरू होत नसे, २५ मार्चला होई. व्हेनिसचं १ मार्चला. म्हणून फ्लॉरेन्सच्या पुस्तकाच्या शेवटी ‘१० फेब्रुवारी १४९६’ असेल तर आपल्या हिशेबाने ते १४९७. नोव्हेंबरला हा घोळ नाही, त्यामुळे तुमच्या ओळीतलं वर्ष तेवढं सरळ आहे.

मग छपाईचं वर्ष काढायचं कसं? फोटोवरून मी ते सांगणार नाही, कुणी सांगत असेल तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. पुस्तक हातात घेऊन पुढच्या गोष्टी तुम्हालाच बघाव्या लागतील.

एक पान उजेडासमोर धरा. जुना कागद चिंध्यांच्या लगद्यापासून, तारांच्या चाळणीसारख्या साच्यावर हाताने उचललेला असे, आणि त्या तारांच्या रेषा कागदात कायमच्या राहतात. जवळजवळच्या बारीक रेषा आणि त्यांना आडव्या जाणाऱ्या, बोट-दीड बोट अंतरावरच्या ठळक रेषा. या पुस्तिका बहुधा ताव दोनदा दुमडून केलेल्या असतात, एका तावाची चार पानं. ताव दोनदा दुमडला की ठळक रेषा पानावर आडव्या येतात आणि कागदवाल्याची खूण, म्हणजे वॉटरमार्क, नेमकी शिवणीत मधोमध अडकते, अर्धी या पानावर, अर्धी त्या पानावर. ठळक रेषा उभ्या दिसल्या तर काहीतरी वेगळं आहे, थांबून विचार करा. रेषाच नसतील, कागद दुधासारखा एकसारखा दिसत असेल, तर विषय संपला. तसा कागद अठराव्या शतकाच्या मध्यापूर्वी युरोपात नव्हता.

मग भिंग घ्या, दहापटीचं पुरे. अक्षराच्या कडेला शाई किंचित दाबून बाहेर सरकलेली दिसते का? पान उलटून तिरप्या उजेडात धरलं की मागे खिळ्यांचा, म्हणजे छपाईच्या सुट्या अक्षरांचा, उठाव दिसतो का? शिशाचे खिळे ओल्या कागदावर दाबले की तो राहतोच. ज्यांनी आपल्याकडे खिळ्यांच्या छापखान्यात लग्नपत्रिका छापून घेतल्या आहेत त्यांच्या बोटांना तो उठाव माहीत असेल. अक्षरं सपाट असतील, चित्रात ठिपक्यांची जाळी दिसत असेल, तर ती फोटोवरून केलेली नक्कल. या चित्रांच्या नकला एकोणिसाव्या शतकापासून होत आल्या आहेत, काही तर हातकागदावर आणि अतिशय मन लावून केलेल्या. त्या फसवायला केलेल्या नव्हत्या. पण मधे चार हात बदलले की प्रस्तावनेचं पान गळून पडतं आणि नक्कल मूळ म्हणून फिरू लागते.

तिसरी गोष्ट मला सगळ्यात आवडते. चित्राच्या चौकटीची रेघ बघा. ही चित्रं लाकडी ठोकळ्यावर कोरलेली. ठोकळा छापून छापून झिजतो, कडा पडल्या-आपटल्याने तुटतात, लाकडाला कीड लागते. तुटकी कड छापली की रेघेत खंड दिसतो. किडीचं भोक छापलं की काळ्या भागात टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका दिसतो. (कागदाला नंतर लागलेल्या किडीचं भोक आरपार असतं, ठोकळ्याचा ठिपका कागदावरच असतो. बोटाने चाचपून बघा.) लाकडावरचा खंड भरून येत नाही, वाढतच जातो. म्हणून ज्या प्रतीत चौकट अखंड ती आधीची, खालचा डावा कोपरा उडालाय ती नंतरची, त्याच कोपऱ्याशेजारी तीन ठिपके आलेत ती त्याही नंतरची. फ्लॉरेन्समधले असे ठोकळे पुढे कित्येक वर्षं, सोळाव्या शतकात शिरूनही, वेगवेगळ्या पुस्तकांत वापरले गेले. वर्ष न छापलेल्या पुस्तकांची रांग आम्ही अशी लावतो.

छापखान्याचं नाव नसतं तेव्हा खिळ्यांवर जातो. मजकुराच्या वीस ओळींची उंची मिलिमीटरमध्ये मोजायची, मोठ्या अक्षरांची घडण बघायची आणि ओळखीच्या छापखान्यांच्या नमुन्यांशी ताडायची. या प्रवचनाची एक सुरुवातीची आवृत्ती फ्लॉरेन्सच्या बार्तोलोमेओ दे लिब्रीच्या खात्यावर मांडतात ती अशा पडताळणीमुळे. १५०० अखेरपर्यंत छापलेल्या पुस्तकांची जी आंतरराष्ट्रीय यादी लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीने उभी केली तिच्यात सुमारे ३०,००० आवृत्त्या आहेत आणि ती कुणालाही फुकट चाळता येते. सोळाव्या शतकातल्या इटालियन पुस्तकांची वेगळी यादी आहे, तिचं नाव एदित सेदिची. तुमच्या प्रतीतली पानं मोजा आणि पहिल्या पानावरच्या ओळी कुठे तुटतात ते अक्षरशः तसंच उतरवून घ्या. ओळ कुठे तुटते यावरून दोन आवृत्त्या वेगळ्या निघतात.

एवढं केल्यावरही उत्तर ‘१४९६ नंतर, बहुधा १५०० च्या आसपास’ असं येऊ शकतं. ते अपुरं वाटून घेऊ नका, बऱ्याच चांगल्या ग्रंथालयांच्या नोंदी तशाच आहेत.

आता दुसरा प्रश्न, लोक हे का घ्यायचे. इथे तुमच्या पुस्तकाच्या मागे थोडं जायला हवं, कारण साव्होनारोलाने हा विषय काढला नव्हता, तो त्याच्या श्रोत्यांच्या घरात आधीच होता.

चांगल्या मरणाच्या कलेवरचा मूळ लॅटिन ग्रंथ १४१५ च्या सुमारास, कॉन्स्टन्सच्या धर्मपरिषदेच्या काळात तयार झाला. त्याच्या आधारात पॅरिसच्या जाँ जेरसाँ या धर्मपंडिताचं लेखन होतं. पुढे त्याचं आटोपशीर, अकरा चित्रांचं रूप झालं. इटालियनमध्ये हा मजकूर कार्दिनाल दोमेनिको काप्रानिका (१४००–१४५८) यांच्या नावावर फिरला आणि १४७० च्या दशकाच्या अखेरीपासून छापला जाऊ लागला. लॅटिन न येणाऱ्यांच्या, म्हणजे दुकानदार, कारागीर आणि घरातल्या बायकांच्या भाषेत.

अकरा चित्रांत गोष्ट एकाच खोलीत घडते. पलंग, पलंगावर आजारी माणूस, भोवती गर्दी. पाच वेळा मोह येतो, पाच वेळा त्यावर उतारा येतो, अकराव्या चित्रात प्राण जातो. मोह कसले? श्रद्धा ढळणं, निराशा, चिडचिड, मी किती पुण्यवान असा ताठा, आणि मालमत्तेत अडकलेला जीव. चिडचिडीचं चित्र बघा. आजारी माणसाने सेवा करणाऱ्याला लाथ मारलीय, शेजारचं टेबल कलंडलंय, त्यावरची भांडी जमिनीवर. ज्यांनी घरात महिनोन्महिने अंथरुणाला खिळलेलं माणूस सांभाळलंय त्यांना हे चित्र काढणाऱ्याने काय पाहिलं असेल ते सांगायला नको. लोभाच्या चित्रात सैतान त्याला त्याचं घर, त्याचा घोडा, त्याची दारूची पिंपं दाखवतोय. निराशेच्या चित्रात त्याच्या पापांची यादी त्याच्यासमोर धरलीय. आणि लगेच पुढच्या चित्रात उतारा म्हणून कोण येतं? येशूला तीनदा नाकारणारा पीटर, शेजारी त्याचा कोंबडा. मारिया माग्दालेना. क्रुसावरचा चोर. घोड्यावरून पडलेला पॉल. सगळे चुकलेले आणि क्षमा मिळालेले. यादी समोर धरलेल्या माणसाला आधार द्यायला निष्पाप संतांची रांग आणून चालणार नाही, हे ज्याने ठरवलं त्याला माणूस कळत होता.

मजकुरात पुढे पाहुण्यांसाठी सूचना आहेत. आजाऱ्याला काय विचारायचं, त्याने काय उत्तर द्यायचं, हे प्रश्नोत्तराच्या रूपात. ते प्रश्न संत आन्सेल्मच्या नावाने चालत आले आहेत. ज्या श्रद्धेत जगलास तिच्यात मरतोयस याचं समाधान आहे का, चुकलं असं वाटतं का, बरा झालास तर सुधारायची इच्छा आहे का. उत्तर ‘हो’ एवढंच द्यायचं, तेही बोलता येत नसेल तर खुणेने. कुठली प्रार्थना कधी म्हणायची ते सांगितलंय. आणि एक सूचना फार स्पष्ट आहे: ‘बरा होशील रे’ अशी खोटी आशा दाखवू नका, त्या आशेपायी माणूस तयारीविना जातो. ही काळजी त्याहून जुनी. १२१५ च्या रोममधल्या लॅटरन धर्मपरिषदेने वैद्यांना बजावलं होतं की रोग्याकडे गेलात की आधी आत्म्याच्या वैद्याला, म्हणजे पाद्रीला, बोलवायला सांगा. पण प्लेगच्या दिवसांत पाद्री पोचेलच असं नव्हतं, बायकामुलं आणि शेजारी तेवढे असायचे. पुस्तक त्यांच्यासाठी आहे. खोलीत उभं राहून काय करावं ते न सुचणाऱ्या माणसासाठी.

साव्होनारोलाने हेच उचललं आणि निरोगी माणसासमोर ठेवलं. त्याचं म्हणणं असं की पलंगावर पडल्यावर शिकायची ही कला नाही. मरणाचा चष्मा लावा, म्हणजे तुम्हाला समोरचं सगळं त्यातून दिसेल. एका कागदावर चित्र काढून घ्या, वर स्वर्ग आणि खाली नरक, आणि जिथे तुमचा वावर जास्त त्या खोलीत लावा. दुसऱ्या चित्रात माणूस आजारी पडलाय आणि मृत्यू दार ठोठावतोय. तिसऱ्यात माणूस अंथरुणावर, मृत्यू पायथ्याशी येऊन बसलाय. दारापासून पायथ्यापर्यंत. छापणाऱ्याने ही चित्रं खरंच कोरून घेतली आणि प्रवचनात बसवली, म्हणून तुमच्या फोटोतलं चित्र हे मजकुराची सजावट नाही, मजकुराने मागितलेली वस्तू आहे. बऱ्याच घरांत ते पान पुस्तकातून काढून भिंतीला लावलं गेलं असणार असं मला वाटतं. या पुस्तिकांच्या प्रती चित्राचं पान गेलेल्या सापडतात, त्यामागे चोरीइतकंच हेही कारण असावं. तुमच्या प्रतीतली पानं मोजताना हे लक्षात ठेवा.

(इटालियनमध्ये मृत्यू स्त्रीलिंगी आहे, ‘ला मोर्ते’. पिसाच्या कांपोसांतो या दफनभूमीतल्या जुन्या भित्तिचित्रात ती लांब मोकळ्या केसांची, वटवाघळाच्या पंखांची बाई आहे, हातात लांब दांड्याचा विळा. मराठीत लिहिताना मी ‘तो’ लिहिते आणि दर वेळी अडखळते.)

वापराची खूण मी एकदा अगदी जवळून पाहिली. प्रत काप्रानिकाच्या नावाच्या मजकुराची होती, फाटकी, पहिला फर्मा, म्हणजे एकत्र दुमडून शिवलेल्या पानांचा पहिला जुडगा, गेलेला. लिलावात तिला कुणी विचारलं नसतं. शेवटच्या प्रार्थनांपाशी दोन पानं इतरांपेक्षा काळपट, खालचा कोपरा अंगठ्याने तेलकट झालेला. समासात मेणाचे तीन थेंब, एकाच्या खालचा कागद उष्णतेने पिवळा पडलेला, म्हणजे मेणबत्ती हातात धरून कुणीतरी वरून वाकून वाचत होतं. आणि प्रार्थनेत जिथे जिथे ‘हा आजारी’ अशा अर्थाचा ‘इन्फेर्मो’ शब्द होता, तिथे शेवटच्या ‘ओ’वर कुणीतरी बारीक निबाने ‘आ’ लिहिला होता. इन्फेर्मा. पाच ठिकाणी. सहाव्या ठिकाणी लिहायचा राहिला होता. घरातली कुणी बाई जात होती आणि वाचणाऱ्याला पुल्लिंगी प्रार्थना तिच्यासाठी म्हणवेना. कधी, कोण, काहीच कळायला मार्ग नाही. नोंदीत मी ‘समकालीन हस्ताक्षरात लिंगबदलाच्या दुरुस्त्या’ असं लिहिलं, कारण नोंदीत तेवढंच लिहिता येतं.

आता लक्षात येईल की इतकी छापलेली ही पुस्तकं इतकी थोडी का उरली. मठातले जाडजूड लॅटिन ग्रंथ कपाटात पाचशे वर्षं सुखात राहिले. ही पातळ पुस्तकं, बहुतेकदा पुठ्ठ्याशिवाय नुसती शिवलेली, हातोहाती झिजून गेली. कितीतरी आवृत्त्यांची जगात एखाददुसरीच प्रत शिल्लक आहे. फ्लॉरेन्सच्या सान याकोपो दी रिपोली मठातल्या छापखान्याची १४७६ ते १४८४ ची हिशेबवही सुदैवाने टिकली. तिथे डॉमिनिकन जोगिणी स्वतः खिळे जुळवत, आणि छापलेल्या छोट्या पुस्तिका रस्त्यावर गाणी म्हणणारे लोक घेऊन जाऊन विकत. चौकात गाणं ऐकायचं आणि जाताना पुस्तिका घ्यायची, अशी ही बाजारपेठ होती.

या कलेचा सगळ्यात कठीण वापर फाशीच्या कैद्यांपाशी होई. बोलोन्यात सांता मारिया देल्ला मोर्ते नावाची गृहस्थांची मंडळी होती, रोममध्ये १४८८ पासून सान जोव्हान्नी देकोल्लातो नावाची तशीच मंडळी. त्यातले लोक कैद्याजवळ शेवटची रात्र बसत आणि सकाळी वधस्तंभापर्यंत जाताना त्याच्या डोळ्यांसमोर एक छोटी रंगवलेली फळी धरून चालत, म्हणजे त्याला गर्दी आणि दोर दिसू नये, फक्त चित्र दिसावं. मिकेलांजेलो रोमच्या मंडळीत होता. साव्होनारोलाचं चित्र आणि ही फळी यांचं काम एकच आहे, नजरेला धरायला काहीतरी देणं.

पुढचा इतिहास भराभर सांगते. १५५९ च्या निषिद्ध पुस्तकांच्या यादीत साव्होनारोलाची काही प्रवचनं आली, तेव्हा एखाद्या प्रतीत नाव खोडलेलं दिसलं तर दचकू नका. १६२० मध्ये कार्दिनाल बेल्लार्मिनोने रोममध्ये या विषयावर लॅटिन पुस्तक काढलं. ज्याला चांगलं मरायचंय त्याने चांगलं जगावं, हा त्याचा पहिलाच नियम, आणि पुढच्याच वर्षी तो गेला. १७५८ मध्ये आल्फोन्सो दे लिग्वोरीचं ‘मरणाची तयारी’ आलं, छत्तीस चिंतनांचं, आणि ते इतकं खपलं की त्याच्या एकोणिसाव्या शतकातल्या आवृत्त्या तुमच्या त्याच बाजारात आजही पडलेल्या मिळतील.

आपल्याकडचा धागा विचाराल तर तो गोव्यातून जातो. छपाई गोव्यात १५५६ मध्ये आली. जेझुइट पंथाचा पाद्री थॉमस स्टीफन्स रोममध्ये दीक्षा घेऊन १५७९ मध्ये गोव्याला उतरला आणि १६१६ मध्ये राशोलहून त्याचं मराठी ओव्यांतलं क्रिस्तपुराण छापून निघालं. धर्माचा मजकूर लॅटिनमधून काढून घरच्या भाषेत आणायचा, ही वाट तो रोममध्ये पाहून आला होता.

तुमच्या आईंना काय सांगायचं? गरुडपुराण आपण माणूस गेल्यावर, सुतकाच्या दिवसांत वाचतो, म्हणून एरवी ते घरात नको वाटतं. हे पुस्तक माणूस असताना वाचायचं, आणि ज्याने ते सांगितलं त्यानेच ते राहत्या खोलीत ठेवायला सांगितलं. त्यांना चित्रं दाखवू नका, लाथ मारणाऱ्या आजाऱ्याची गोष्ट सांगा. ज्यांनी घरातल्या म्हाताऱ्या माणसांचं केलंय त्यांना ती लगेच कळेल. तरीही त्यांना नको वाटलं तर माझा आग्रह नाही, त्यांच्या मनाचा मान पुस्तकापेक्षा मोठा.

आणि घ्यायचं की नाही? कागदाच्या रेषा, उठाव आणि चौकट यांतलं एक जरी जमलं नाही, तर एका पगाराएवढे पैसे अजिबात देऊ नका. तिन्ही जमलं तर आणखी दोन गोष्टी बघा. पहिल्या आणि शेवटच्या पानावर गोल किंवा लंबगोल शिक्का आहे का, किंवा शिक्का खरवडल्याची पातळ झालेली जागा आहे का. नेपोलियनच्या काळात आणि पुन्हा १८६६ नंतर मठ बंद झाले तेव्हा त्यांची पुस्तकं सरकारी ग्रंथालयांत गेली आणि बाजारातही आली, त्यामुळे मठाचा शिक्का असणं गुन्हा नाही. पण सार्वजनिक ग्रंथालयाचा शिक्का असेल आणि काढून टाकल्याची नोंद नसेल, तर पुस्तक खाली ठेवा आणि त्या ग्रंथालयाला कळवा. दुसरं म्हणजे १५०० पूर्वीचं छापील पुस्तक इटलीबाहेर न्यायला निर्यात परवाना लागतो, किंमत कितीही कमी असली तरी. म्हणजे सुटीला येताना बॅगेत टाकून आणायची ही वस्तू नाही. विक्रेत्याकडून पावती आणि पुस्तक कुठून आलं ते लेखी घ्या. तो कां-कूं करू लागला तर तेच तुमचं उत्तर.

पुढच्या रविवारी जाल तेव्हा मला तीन फोटो पाठवा: एक पान उजेडासमोर धरून, स्वर्ग-नरकाच्या चित्राचे चारही कोपरे भिंगातून, आणि शेवटच्या पानाची मागची बाजू. चौथ्या फोटोत खालच्या समासात एक पिवळट गोल डाग दिसतोय. तो मेणाचा आहे का पाण्याचा, ते बोट फिरवून बघा. नख लावू नका.